अश्वहृदय आणि तीन पिंपे

नळदमयंतीचे आख्यान आमच्या घरी दर दिवाळीच्या सुट्टीत वाचले जाई. फराळाची ताटे उचलली गेली आणि उन्हे ओटीवरून उतरू लागली, की आजी महाभारताच्या भाषांतराचा जाडजूड खंड मांडीवर घेई. बाहुक झालेला नळ ऋतुपर्ण राजाचा रथ हाकीत अयोध्येहून एका दिवसात आपल्या विदर्भात पोचतो, हा भाग आला की आम्ही मुले सावरून बसत असू. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून सांगतो, नळ रथ थांबवून ती खरोखरच मोजून पाहतो, आणि मग दोघांत विद्येची देवघेव ठरते. राजाने फाशांची विद्या द्यायची, तिचे नाव अक्षहृदय. सारथ्याने घोड्यांची द्यायची, तिचे नाव अश्वहृदय. माझ्या भावंडांना ओढ फाशांची. मी मात्र एकदा विचारले, "आजी, अश्वहृदय म्हणजे काय गं?"

"घोड्याच्या मनातलं ओळखायची विद्या."

"पण ओळखायचं कसं?"

"ते व्यासांना विचार," म्हणून तिने पान उलटले.

व्यासांनी ते सांगितलेले नाही. पुढे इतिहासाचा मास्तर झाल्यावर मी वनपर्व मुद्दाम चाळून पाहिले. बाहुक अंगाने रोडके दिसणारे घोडे निवडतो, राजा चिडतो; राजा रथात चढतो तोच घोडे गुडघ्यांवर कोसळतात; नळ त्यांना चुचकारून शांत करतो, आणि मग रथ निघतो. कसे शांत केले, याविषयी अक्षर नाही.

मला हा प्रश्न पडण्याचे कारण आमच्या गोठ्याशेजारच्या पडवीत बांधलेले होते. अप्पांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, चंद्री नावाची घोडी. मळ्याच्या वाटेवर तिच्यासारखी धावणारी घोडी पंचक्रोशीत नव्हती. १९५७ साली, मी चौदा वर्षांचा असताना, गावच्या जत्रेतल्या शर्यतीत अप्पांनी मला तिच्यावर बसवले. तिथे ढोल, हलगी, तमाशाच्या फडातली गलबल, परक्या घोड्यांचे खिंकाळणे. चंद्री थरथरू लागली, मान वर फेकू लागली, आणि ज्या वडाखालून घोडे सुटायचे त्या वडाखाली काही केल्या येईना. लोक हसले. मला लाज वाटली, आणि लाजेच्या भरात मी तिला चाबकाने मारले, टाचांनी मारले, पुन्हा चाबकाने मारले. ती मागच्या पायांवर उभी राहिली, आडवी उधळली आणि रेवड्या-बत्ताशांच्या पालात घुसली. माणसांना लागले नाही हे नशीब. तिचा गुडघा मात्र फुटला.

जखम पंधरा दिवसांत भरली. पण त्यानंतर वड जवळ आला, की जत्रा नसो, ढोल नसो, भर दुपारच्या शुकशुकाटातही चंद्रीच्या अंगाला घाम सुटे आणि ती माघारी फिरे. गावात संस्थानच्या पागेत नोकरी केलेले एक म्हातारे चाबुकस्वार होते. (घोडे शिकवणाऱ्या माणसाला आपल्या भाषेने हे नाव का द्यावे, याचे मला अजून नवल वाटते, हा म्हातारा हातात काठीसुद्धा धरीत नसे.) ते मला म्हणाले, "पोरा, ती वडाला भीत न्हाई. वडापाशी जे झालं त्याला भीती. ती आधी ढोलाला बिचकली हुती. तू वरनं मारलंस. तिला वाटलं, भ्यायचं कारण खरंच हाय, म्हणून तर मार बसतोय." त्यांनी तिची भीती काढायला एक महिना मागितला. अप्पांना तेवढा दम नव्हता. पुढच्या बाजाराला त्यांनी चंद्री विकली. तिला वडाला वळसा घालून ओढ्यातून नेली. मी घरातच बसून राहिलो.

कॉलेजात गेल्यावर म्हाताऱ्याचे हेच बोलणे मला झेनोफनच्या पुस्तकात भेटले तेव्हा मी चाटच पडलो. झेनोफन हा सॉक्रेटिसाचा शिष्य, सैनिक आणि इतिहासकार. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो बजावतो, की रागाच्या भरात घोड्याशी कधी वागू नये. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर ती वस्तू आपण स्वतः हात लावून दाखवावी आणि त्याला हळूहळू जवळ न्यावे. मारले तर ज्याला तो भितो त्याच्यामुळेच आपल्याला दुखते आहे असे त्याला वाटते. अथेन्सचा सरदार आणि आमच्या गावचा म्हातारा, दोघांत चोवीसशे वर्षे, निदान एकच.

त्याहूनही जुना एक दाखला आहे. हिटाइट लोकांच्या राजधानीत, आजच्या तुर्कस्तानात, मातीच्या विटांवर लिहिलेला किक्कुली नावाच्या मितन्नी अश्वशिक्षकाचा ग्रंथ सापडला. तो सुमारे चौतीसशे वर्षांपूर्वीचा. घोड्याला रोज किती चालवावे, किती पळवावे, केव्हा पाणी द्यावे, केव्हा विसावा द्यावा याचा तो दिवसवार तक्ता आहे. आणि त्यात फेऱ्यांसाठी जे शब्द आले आहेत ते वाचून मराठी माणसाच्या अंगावर रोमांच उभे राहतील: एकवर्तन, तेरवर्तन, पंझवर्तन, सत्तवर्तन, नवर्तन. आपल्या संस्कृतचे सख्खे चुलतभाऊ! वर्तन म्हणजे वळण, फेरा. घोड्याला वळणे शिकवण्याची ही कटकट इतकी जुनी आहे.

वळणांचा विषय निघाला तो बरे झाले, कारण मला सांगायची आहे ती शर्यत सगळी वळणांचीच. २०११ साली मी टेक्सासात मुलीकडे राहायला गेलो होतो. जावई शनिवारी मला गावाबाहेरच्या जत्रेच्या मैदानावर घेऊन गेला. मऊ मातीचा आखाडा, भोवती लोखंडी कठडे, आणि मध्ये तीन पिंपे. आपल्याकडे डांबराची असतात तसली. पहिली दोन पिंपे एकमेकांपासून ९० फुटांवर, तिसरे त्या दोघांपासून १०५ फुटांवर. स्वार भरधाव आत येतो, तिन्ही पिंपांना तिपानी घासाच्या पानासारखे वेढे घालतो आणि सुसाट परत जातो. पिंप पाडले तर पाच सेकंदांचा दंड. मोठ्या आखाड्यात चांगला घोडा हे सारे सतरा सेकंदांच्या आसपास आटोपतो. हार-जीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने ठरते. याला बॅरल रेसिंग म्हणतात. आणि स्वार बहुतेक सगळ्या बायका नि मुली.

माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. डोक्यावर हॅट, मांडीवर वही, पायाशी थर्मास. तरुणपणी त्यांनी स्वतः ही पिंपे फिरलेली. आखाड्यात येण्यासाठी कठड्यांचा एक अरुंद बोळ होता. तिथे पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीचा तांबडा घोडा येऊन अडला. नाव पुकारले गेले. घोडा मागे सरकला, गोल फिरला, पुढचे पाय उचलून उभा राहिला. कठड्याशी मुलीचा बाप उभा होता, तो ओरडला, "मार टाच!" माझे काळीज धडधडू लागले. मला तो वड दिसू लागला.

मुलीने टाच मारली नाही. ती खाली उतरली, पंचांना हात करून आपण धावणार नाही असे कळवले, आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली. बापाचा चेहरा काळवंडला.

"प्रवेशाचे पैसे गेले," शेजारच्या बाई म्हणाल्या, "घोडा वाचला."

त्या दिवशी आणि पुढच्या दोन शनिवारी मी त्या बाईंची शिकवणी लावली म्हणा ना. या खेळाचा इतिहासही थोडा त्यांच्याकडून, थोडा मागाहून पुस्तकांतून कळला, आणि तो ऐकण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या रोडिओंत बायका पुरुषांसारख्याच बेफाम घोड्यांवर बसत. १९२९ साली ओरेगनमधल्या पेंडलटनच्या रोडिओत बॉनी मॅकॅरोल ही नामांकित स्वार अशा घोड्याखाली सापडली आणि काही दिवसांनी वारली. या निमित्ताने बायकांना त्या खेळांतून हळूहळू बाहेर काढण्यात आले. पुरुष मरत नव्हते असे नाही. पण त्यांना कोणी घरी बसवले नाही. पुढच्या दशकात टेक्सासातल्या स्टॅमफर्डसारख्या मेळाव्यांत गावोगावच्या तरुणी नटूनथटून, चांगल्या घोड्यांवर बसून येऊ लागल्या. त्यांनी पिंपांभोवती घोडे फिरवायचे आणि परीक्षकांनी घोडेस्वारीबरोबर पोशाखालाही गुण द्यायचे! १९४७ साली ॲमरिलो येथे नॅन्सी बिनफर्ड आणि थीना मे फार या दोघींनी केवळ स्त्रियांचा रोडिओ भरवला, आणि १९४८ साली सॅन अँजेलो येथे ३८ जणींनी एकत्र येऊन आपली संघटना काढली. 'गर्ल्स रोडिओ असोसिएशन' हे तिचे नाव. १९८१ पासून ती 'विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन' म्हणून ओळखली जाते. त्यांना हवी होती खरी चढाओढ. पोशाखाचा परीक्षक वशिल्याने वागेल, घड्याळ वागत नाही. १९६७ साली राष्ट्रीय अंतिम रोडिओत पिंपांची शर्यत दाखल झाली.

बायकांना घड्याळाने न्याय दिला, यात शंका नाही. पण त्याची किंमत घोड्याच्या मज्जातंतूंनी मोजली, असे माझे मत आहे, आणि बाईंनीही ते मान्य केले. गाडीचा घोडा दहा प्रकारची कामे करतो. गुरांमागचा घोडा कधी धावतो, कधी नुसता उभा राहतो. पिंपांच्या घोड्याला मात्र त्या बोळाचा एकच अर्थ शिकवला जातो: आत गेलास की जिवाच्या आकांताने पळ. तो अर्थ त्याला फार लवकर कळतो. मग बोळ दिसण्याआधीच, गाडीतून उतरवताना, खोगीर चढवताना, तो मनाने धावू लागतो. उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके घालते. भरधाव पळताना दोनशेवर जाते. त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो आणि नुसत्या उत्तेजनानेही प्लीहा आकसून तो रक्तात ओतते. सतरा सेकंदांसाठीची ही शिबंदी बिचारा तासभर आधीच बाहेर काढून बसतो. त्यात एखाद्या वेळी मागचा सांधा दुखत असला, किंवा स्वाराने वळणावर तोंडातले लोखंड हिसडले असले, की बोळाला दुसरा अर्थ चिकटतो. तोच चंद्रीच्या वडाचा अर्थ.

म्हणून बाईंचा पहिला प्रश्न घोड्याच्या मनाविषयी नसे. दात पाहिलेत का? पाठ दाबून पाहिलीत का? खोगीर नीट बसते का? पोटात व्रण तर नाहीत? स्पर्धेच्या घोड्यांना ते फार होतात. दुखणाऱ्या घोड्याला धीर देत बसणे म्हणजे दाढदुखीने बेजार माणसाला कीर्तनाला बसवण्यासारखे आहे. शरीर ठीक असेल तर मग बोळाचा अर्थ पुसायचा. घोड्याला बोळातून चालत आत न्यायचे, मध्यावर लगाम सैल सोडून उभे करायचे, कंटाळा येईपर्यंत उभे ठेवायचे आणि चालतच बाहेर आणायचे. अशा वीस वेळा आत गेला तर एकदाच पळायचे. स्पर्धेच्या दिवशी खरी शर्यत सुरू होण्याआधी थोडे पैसे भरून आखाड्यात हळू फेरी मारू देतात. शहाणे लोक ती संधी दुडक्या चालीने, कधी नुसते चालत वापरतात. घरी तर पिंपांभोवती भरधाव जवळजवळ नाहीच. चाल, दुडकी, थांबणे, मागे सरणे. आणि मधूनमधून पिंपे विसरून रानात फेरफटका.

"पण तुमचा घोडा शांत, म्हणजे सुस्त नको ना?" मी विचारले.

"सुस्त कशाला? तो बघा," त्यांनी एका करड्या घोड्याकडे बोट दाखवले. "कान एक पुढे, एक स्वाराकडे. अंग ताणलेले आहे, पण विचारतोय, आता काय? भ्यालेला घोडा काही विचारत नाही."

हे विचारणे फार सूक्ष्म असते, याचा पुरावा बर्लिनच्या हान्स घोड्याने देऊन ठेवला आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन या शिक्षकाचा हा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे खूर आपटून देई. १९०७ साली ऑस्कर प्फुंग्स्टने दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नाही. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत केसभर हले आणि हान्स तिथे थांबे. लोक म्हणाले, घोड्याचे बिंग फुटले. मला वाटते, त्याची खरी विद्वत्ता उघडकीस आली. जो प्राणी चार पावलांवरून डोक्याची हालचाल टिपतो, त्याला पाठीवरच्या माणसाची मांडी आवळलेली कळणार नाही? २००९ साली स्वीडनमध्ये एक प्रयोग झाला. घोडे चालवणाऱ्या माणसांना सांगितले, की या फेरीत अमुक जागी छत्री उघडणार आहे. छत्री उघडलीच नाही. तरी त्या जागी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीचे कोणी काही सांगितले नव्हते.

म्हणजे जत्रेच्या दिवशी चंद्रीला आधी ढोल ऐकू आला की माझी छाती, हे आता मला सांगता येत नाही. बाईंच्या मुली बोळात शिरण्यापूर्वी तीन लांब श्वास सोडत. सोडत, घेत नव्हे; घेणे आपोआप होते, असे त्यांचे म्हणणे. खांदे खाली, बोटे सैल, आणि नजर पिंपावर न ठेवता पिंपाच्या बाजूला जिथे जायचे त्या जागेवर. स्वार पिंपाकडे बघू लागला की घोडाही पिंपावरच जातो.

बळाने शांत करण्याचे प्रयोगही झाले आहेत. ओहायोच्या जॉन रेअरीने १८५८ साली इंग्लंडात जाऊन व्हिक्टोरिया राणीसमोर आपली करामत दाखवली. क्रूझर नावाचा एक शर्यतीचा घोडा इतका खुनशी झाला होता, की त्याच्या तोंडाला लोखंडी मुसके घालून ठेवत. रेअरी घोड्याचा पुढचा पाय पट्ट्याने दुमडून बांधी, दमवून त्याला जमिनीवर बसवी आणि मग त्याच्या सर्वांगावरून हात फिरवी. क्रूझर काही तासांत माणसाळला. मला तो पट्टा आवडत नाही. पण नंतर फिरवलेला हात खरा होता, हेही नाकारता येत नाही. विसाव्या शतकात ओरेगनचा टॉम डॉरन्स आणि त्याचा शिष्य रे हंट यांनी पट्टाही टाकून दिला. घोड्याला जे करायला हवे ते त्याला सोपे व्हावे, नको ते अवघड व्हावे, आणि तो वळेपर्यंत माणसाने थांबावे, असे त्यांचे सांगणे. गावच्या म्हाताऱ्याने मागितलेला एक महिना तो हाच.

अशा घोड्यांची कीर्ती सांगायची तर स्कँपरची सांगावी. न्यू मेक्सिकोतल्या क्लेटनची शार्मेन जेम्स लहान असताना तिच्या वडिलांनी तो ११०० डॉलरना घेतला. गुरे पोसण्याच्या आवारात कामाला असलेला, स्वाराला उडवून देणारा म्हणून बदनाम. १९८४ साली ही चौदा वर्षांची मुलगी त्याच्यावर जगज्जेती झाली आणि १९९३ पर्यंत सलग दहा वर्षे तो मान तिने सोडला नाही. १९८५ साली लास व्हेगासच्या अंतिम रोडिओत, सातव्या फेरीत, स्कँपरच्या डोक्यावरचा सरंजामच सुटला आणि लगाम लोंबू लागला. हजारो लोकांचा गलका, दिव्यांचा झगमगाट. दुसरा एखादा घोडा उधळून कठड्यावर गेला असता. स्कँपरने तिन्ही पिंपे वळली आणि ती फेरी जिंकली. लगामाविना तो कशाच्या आधारे वळला? तिच्या बसण्याच्या, नजरेच्या, आणि आधीच्या शेकडो वळणांच्या. तो २०१२ साली, पस्तिसाव्या वर्षी मेला. गंमत अशी, की २००२ साली शार्मेनने अकरावे जगज्जेतेपद ज्या घोड्यावर मिळवले त्याचेही नाव क्रूझरच होते.

तांबड्या घोड्याचे काय झाले, हे सांगायचे राहिले. दुसऱ्या शनिवारी त्या मुलीने नाव दिलेच नव्हते. दिवसभर ती घोड्याला बोळातून आत नेई, मध्यावर उभी राही, त्याच्या कपाळावरची केसांची बट सारखी करी आणि परत आणी. घोडा पहिल्यांदा घामाघूम. दुपारपर्यंत एक मागचा पाय सैल टाकून उभा राहू लागला. बाप गाडीत बसून होता.

तिसऱ्या शनिवारी ती धावली. बोळाच्या तोंडाशी घोडा थांबला. तिनेही थांबू दिले. पंचाने घड्याळाकडे पाहिले, कठड्यावरच्या कोणीतरी शीळ घातली. तिने खांदे खाली सोडले. घोड्याचा एक कान मागे वळला, आणि तो आत गेला. पहिले पिंप जरा रुंद घेतले, दुसरे बरे, तिसरे सुरेख. पिंप एकही पडले नाही. परत येऊन थांबल्यावर ती उतरली, तिथेच तंग सैल केला आणि लगाम हातात लोंबता ठेवून चालत त्याला बोळातून बाहेर घेऊन गेली. बाहेरचे फाटक बापाने उघडून धरले होते.

वेळ एकोणीस सेकंदांवर गेली होती. निकालाच्या फळ्यावर तिचे नाव बरेच खाली लागले. बाईंनी ते आपल्या वहीत लिहून घेतले, आणि थर्मासातली उरलेली कॉफी मला दिली.